चौथा अर्ज

५ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

वकिलीच्या सनदेचा माझा दुसरा अर्जही परत आला. समितीचं म्हणणं, बाईमाणसाला भर कोर्टात युक्तिवाद झेपायचा नाही. परीक्षेत मी पहिली आले, तू दुसऱ्या खेपेला काठावर सुटलास, आणि सनद मात्र तुझ्या भिंतीवर! बाबा म्हणतात, आता पुरे. मी म्हणते, आत्ता कुठे सुरुवात आहे.

शिंपीणबाईंच्या खटल्यातला तुझा युक्तिवाद लिहून सोबत पाठवते. नवरा गेल्यावर दिराने त्यांचं शिवणयंत्र उचलून नेलं. ते परत मिळायलाच हवं, त्यांचं पोट आहे त्यावर. तुझ्यासाठीच्या सूचना नेहमीप्रमाणे मध्येमध्ये घातल्या आहेत. दोनदा वाचून जा, आयत्या वेळी कागद उघडू नकोस.

तब्येतीला जप. चिडून का होईना, जीव लावणारी
ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी: शिवणयंत्र शिंपीणबाईंना परत मिळालं! आता फजिती. कागद आयत्या वेळीच उघडले. वाचण्याच्या भरात मोठ्याने म्हणून गेलो की इथे थांब, पाणी पी, नाक खाजवू नकोस. सगळं कोर्ट खो-खो हसलं. हे लिहिलं कोणी, असं न्यायाधीशांनी विचारलं. कारकुनावर ढकलून सुटलो असतो, पण तोंडून खरं तेच निघालं. विरुद्ध बाजूचे वकील ताडकन उठले आणि सनद नसलेल्या बाईचा युक्तिवाद विचारातच घेऊ नये म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना खाली बसवलं. कोर्ट मुद्दे तोलतं, हस्ताक्षर नाही, म्हणाले. निकालात तुझे चार परिच्छेद जसेच्या तसे आलेत.

नंतर त्यांनी मला आत बोलावलं. बहीण हुशार आहे, तिला अशीच मागे ठेवा, दोघांचंही भलं होईल, असा सल्ला दिला. मी मान डोलावून बाहेर आलो. तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटते.

हवं तेवढं रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझा
ढब्बू

२७ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच. मान डोलावलीस! पण भर कोर्टात खरं बोललास, म्हणून अर्धी शिक्षा माफ.

यापुढे तुला एक ओळही लिहून मिळणार नाही. तुला लिहिता येतं, आळस नडतो. माझं डोकं तुझ्या काळ्या कोटातून फुकट मिळतंय तोवर मला कोट कोण कशाला देईल? निकालाची नक्कल काढून ठेव. ती तिसऱ्या अर्जाला जोडायची आहे. मला युक्तिवाद झेपत नाही म्हणणाऱ्यांनी आधी तो निकाल चुकीचा ठरवून दाखवावा.

मी तिकडे येणार म्हटल्यावर बाबा दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माळ्यावरून ट्रंक काढून पुसून दिली. मला रडू आलं, त्यांना दिसू दिलं नाही.

परवाच्या गाडीने येते. तुझ्याकडेच राहीन, स्वयंपाकाची आशा धरू नकोस. समिती तुमच्याच कोर्टात बसते ना? अर्ज टपालाने पाठवणार नाही. त्यांच्या टेबलावर स्वतः ठेवीन आणि उत्तर मिळेपर्यंत समोर उभी राहीन. पुन्हा नाही म्हणाले, तर चौथा अर्ज लिहून ट्रंकेत ठेवला आहे. फक्त तारीख घालायची बाकी आहे.

लोभ असू दे, दया कोणाचीच नको.
ताई