चाळिसाव्या पानावर थांबलेल्याचं मृत्युपत्र

मी, रेमी शार्बोनो, वय एकोणीस, राहणार टॅमरॅक लेक, ओन्टारियो, डोकं ठिकाणावर असताना (दुकानवाल्या मार्जचं मत वेगळं आहे) हे लिहितोय. प्यायलेलो नाही. घाबरलोय मात्र. तासाभरात मला कोस्कीबाई स्वतः चालवतात त्या, तळ्यावरून उडणाऱ्या विमानातून बारावीचा राहिलेला पेपर द्यायला जायचंय. इथून जाणारं दुसरं विमान नाही.

माझी स्नोमोबाइल बहीण सोलांजला. ब्रेक उशिरा लागतो, तिलाही सगळं उशिराच कळतं. मूस हरणाचा आवाज काढायचा भोंगा पाद्रीबाबांना. त्यांच्या खिडकीखाली तो मीच वाजवायचो, हे आता सांगून टाकतो.

साप्ताहिकात मी ‘नवं कॅनेडियन’ हे नव्या पुस्तकांचं सदर लिहितो. परीक्षणाला आलेल्या कच्च्या प्रतींची वाटणी अशी: मंगळावर गहू पिकवणारी कादंबरी मला नापास करणाऱ्या सरांना. गहू चांगला, माणसं वाळकी. दीपगृहातल्या भुताची सोलांजला. शेवटची तीस पानं दिवसाच वाच. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या प्रशिक्षकाची प्रेमकथा मार्जला.

चौथी प्रत कुणालाच नाही. ती कोस्कीबाईंची स्वतःची रहस्यकथा. बर्फाखाली प्रेत, संशय नवऱ्यावर. मी चाळीस पानं वाचली आणि छापलं, ‘खुनी लगेच कळतो. वेळ वाचवा.’ त्यावर वाचनालयानं त्यांचं शनिवारचं जाहीर वाचन रद्द केलं. सात वर्षं लिहीत होत्या बाई.

आज सकाळी धक्क्यावर बसून पुढचं वाचलं. एक्केचाळिसाव्या पानावर नवराच मरतो. पुस्तक जबरदस्त आहे. खुनी शेवटपर्यंत कळला नाही मला.

म्हणून मुख्य कलम: मी जगलो काय नि मेलो काय, संपादकांनी पहिल्या पानावर छापावं की रेमीनं पुस्तक पूर्ण न वाचता लिहिलं. शनिवारचं वाचन परत ठेवावं.

इथवर वाचून शेजारी बसलेली मार्ज म्हणाली, “बाईंना तोंडानं सांग की, लबाडा!”
“उडायच्या आधी सांगितलं तर नेणार नाहीत. उडाल्यावर सांगितलं तर... तूच विचार कर.”
“दोन साक्षीदार लागतात. धक्क्यावर मी आणि कोस्कीबाईच आहोत.”

कागद दुमडून, फक्त खालची ओळ दाखवून बाईंची सही घेणार आहे.

रेमी शार्बोनो
टॅमरॅक लेक धक्का, गुरुवार, १२ जून

साक्षीदार १: मार्ज डुगन

साक्षीदार २: ग्लेंडा कोस्की. घडी उघडली. मी सही करण्याआधी शेवटपर्यंत वाचते. उतरल्यावर आधी हा कागद संपादकांकडे नेऊ, तूच द्यायचास. बस पुढच्या सीटवर, पट्टा लाव. पेपरात तरी सगळे प्रश्न वाच रे बाबा.