दरवाज्याचा वरचा अर्धा भाग

आबा, ती कापडे गावची पांढरी जीप परत आली आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी जिचा डावा दरवाजा अर्धा घासून ठेवला होतात, तीच. तेव्हाचा मालक आता नाही, त्याचा मुलगा घेऊन आला. "वडलांची गाडी हाय, भंगारात टाकवत नाय," म्हणाला, "सगळा रंग काढा नि नव्यानं मारा." मी हो म्हटलं आणि गाडी शेडच्या मागे लावून घेतली. मग प्रायमर संपलाय, हवेत ओल आहे, लाईट गेली आहे, अशी एकेक कारणं त्याला फोनवर सांगत राहिले. खरं कारण एकच होतं. तुम्ही रंगवलेल्या बाकीच्या गाड्या केव्हाच मोडीत निघाल्या. तुमचा हात लागलेला एवढा एकच पत्रा रस्त्यावर फिरत होता, आणि तो मला माझ्या हातांनी खरवडून कोरा करायचा होता. अगदी जिवावर आलं होतं.

तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेर शिवथरकडचं, भातशेतीचं. तुमचा मुलगा मुंबईत कामाला, आणि मी हायवेच्या कडेला, गॅरेजमागच्या खोल्यांत, तुमच्या नि सासूबाईंच्या सोबतीला. नवी नवरी असतानाच मी तो पराक्रम केला. आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत लाकडं सारली, त्यांत शेडच्या कोपऱ्यातले काही गुळगुळीत ठोकळेही घातले. वाळलेले, हलके, काय सुरेख पेटले! तुम्ही आंघोळ करून शेडमध्ये गेलात, तसेच परत आलात आणि चुलीपुढे उकिडवे बसून राखेकडे बघत राहिलात. "शिवणीचे व्हते गो," तुम्ही म्हणालात. "तुजा नवरा रांगत व्हता तवापासून हातात व्हते." मला वाटलं, आता मला माहेरी पोचवतात. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, रडायला की हसायला ते मला आजही कळलेलं नाही. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "त्येंच्याच पान्यानं आंगोळ झाली माजी. आता नवे तूच करायचे."

मला वाटलं होतं, रागाच्या भरात बोलताय, विसराल. तुम्ही दुसऱ्या दिवशी महाडच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाची फळी घेऊन आलात. हलकी, पाण्यानं वाकडी न होणारी. जुन्या बसची काच जमिनीवर ठेवलीत, तिच्यावर पॉलिश पेपर पसरलात आणि कापलेला ठोकळा माझ्या हातात दिलात. काचेवर घासत राहायचं, ठोकळ्याचं पोट काचेइतकं सपाट होईपर्यंत. माझे खांदे भरून आले, तुम्ही ठोकळा उचलून उजेडाकडे धरत होतात आणि परत माझ्याकडे देत होतात. मी वैतागून विचारलं, "हात असताना ठोकळा कशाला लागतो?" तुम्ही वाद घातला नाहीत. एका मडगार्डवर पुट्टी वाळली होती, ती मला नुसत्या हातानं घासायला लावलीत आणि वरून कोळशाची पूड फासून फडकं मारलंत. माझी चारही बोटं काळ्या रेघा होऊन पुट्टीवर उमटली होती. "हात लबाड असतो," तुम्ही म्हणालात. "खड्डा आला का खड्ड्यात उतरतो. लांब ठोकळा उतरत नाय, वरनं जातो. मंग खड्डा उघडा पडतो." दरवाज्याला लांब लाकडी, मडगार्डच्या वळणाला मऊ, आणि तो मऊ ठोकळा तुम्ही तुमच्याच झिजलेल्या स्लीपरच्या तळाचा कापला होतात. सासूबाई आतून ओरडल्या, "बाईमानसानं गाड्या घासायच्या काय आता?" तुम्ही मला विचारलंत, "भाकरी थापताना जाडपातळ कशानं कळतं?" मी म्हटलं, तळव्यानं. "मंग झालं," तुम्ही म्हणालात, आणि सासूबाईंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

ठोकळ्यानं घासायचं आणि तळव्यानं तपासायचं, एवढंच तुमचं शास्त्र. मी घासून झालं म्हणायची, तुम्ही डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचात आणि म्हणायचात, "आजून हाय." लाट अजून आहे, म्हणजे पत्रा कुठेतरी उंचसखल आहे. मला काही दिसायचं नाही. मी परत घासायची. "आजून हाय." तुमच्यानंतर इतकी वर्षं झाली, तुमचा मुलगा मुंबई सोडून आला, आता ठोकपीट तो करतो, घासणं आणि रंग मी. पण पत्रा झाला असं वाटून मी ठोकळा खाली ठेवते आणि माझ्या मागून, उजव्या खांद्याच्या जरा वरून, तुमचा आवाज येतो. भास म्हणा काय म्हणायचं ते. मी मागे वळत नाही. मी पुन्हा हात फिरवते, आणि लाट सापडते. कधी कधी मला तुमचा रागही येतो. मेल्यावर तरी माणसानं एखादा दरवाजा पास करावा.

तो दिवस मी किती जणांना सांगितला असेल. सकाळी तुम्ही जीपच्या दरवाज्याचा वरचा भाग घासत होतात, मी अंगण झाडत होते. तुम्ही थांबलात, हात झटकलात, मग परत पत्र्यावर ठेवलात. आणि मला हाक मारलीत. "हिकडं ये गो. जरा हात फिरव. बघ सपाट हाय काय." आबा, तोवर तुम्ही माझं काम तपासायचात. तुमचं काम मी तपासायचं, हे कधी माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी केरसुणी टाकली, हात पदराला पुसला आणि तुमच्यासारखे डोळे मिटून पत्र्यावरून हात नेला. लक्ष हातात कुठलं असणार? मी म्हटलं, "एक नंबर झालंय, आबा." तुम्ही मान हलवलीत. दुपारी जेवून खाटेवर कलंडलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलं होतं. कार्य उरकल्यावर दरवाज्याचा खालचा अर्धा भाग मी घासला, रडत रडत, आणि जीप रंगवून दिली. भेटेल त्याला सांगत आले, जायच्या दिवशी आबांनी मला पास केलं.

काल अखेर कारणं संपली. शिवणीचा लांब ठोकळा घेतला, पेपर लावला आणि दरवाजा घासायला घेतला. उंच जागचा रंग आधी जातो, खोलगटातला राहतो, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हटलं, आता खालच्या अर्ध्यात माझं अज्ञान उघडं पडणार. पण खालचा भाग सरळ निघत गेला. वरती, तुमच्या अर्ध्यात, पांढऱ्या रंगाची बेटं राहिली. एक, त्याच्या शेजारी दुसरं, हाताच्या पंजाएवढं. मी हात फिरवला. लाटाच लाटा. नव्यानं शिकणाऱ्यानंही असं काम सोडलं नसतं. पांढऱ्या रंगात लाटा लपतात म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले, कारण मला तुमचं ते हात झटकणं आठवलं. तुमच्या हाताला काही लागतच नव्हतं, आबा. हात बधिर झाला होता म्हणून तुम्ही मला बोलावलंत. मला पास केलं नव्हतं तुम्ही. तुम्ही मदत मागत होतात, तुमच्या पद्धतीनं, एक शब्दही जास्त न बोलता. महाडचा दवाखाना दहा मिनिटांवर होता.

मी तुमच्यावर फार चिडले. ठोकळा आपटला, त्याचा कोपरा उडाला. का नाही बोललात? "हात मेलाय गो," एवढं म्हणायला काय जड होतं? मग उठून तो दरवाजा लख्ख पत्र्यापर्यंत घासला. तुमचं काहीच शिल्लक ठेवलं नाही. आणि तेवढा वेळ मागून आवाज आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेडमध्ये मी एकटी होते. ती शांतता मला सहन होईना.

हे मी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, कुठे पाठवायचं नाही. कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते. दिवाळीपासून माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना सकाळी काही लागत नाही. आज दरवाज्यावर नवी पुट्टी घासून झाली, हात फिरवला, मला काही कळेना. मी तुमच्या मुलाला हाक मारली. म्हटलं, "अहो, जरा हात फिरवून बघा, सपाट झालंय का." आयुष्यात कधी मी त्याला माझं काम तपासायला दिलं नव्हतं. त्यानं हातोडी ठेवली, हात पँटला पुसला, डोळे मिटून पत्र्यावर हात ठेवला. किती खूश झाला होता, आबा. बोटांचं मी त्याला सांगितलं नाही.