मागच्या डाव्या दाराबाबत

मी, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात हयात घालवलेली, आता सत्तरी ओलांडलेली बाई, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, अक्षर माझंच आहे आणि कोणी मागे उभं राहून हे लिहून घेत नाही. छातीत धडधडतंय, पण ते भीतीनं. भीती वाटणं म्हणजे भान सुटणं नव्हे, हे कोणी कज्जा केलाच तर ध्यानात घ्यावं. उद्या सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. ते घरी जाऊन निवांत जेवतील. काळजी कोणीतरी करायला हवीच ना? याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिले : घर. माझ्या स्वकष्टाचं राहतं घर मुलगा आणि सून यांना समसमान मिळावं. दोघांची नावं एकाच ओळीत यावीत. सुनेचं खाली बारीक अक्षरात नको. न्हाणीघराची कडी सैल आहे, ती सैलच राहू द्यावी. आत कोणी अडकलं तर बाहेरून धक्का देऊन उघडता येते.

कलम दुसरे : बँकेतली शिल्लक. ती सगळी नातीच्या, म्हणजे आमच्या चिमणीच्या, शिक्षणासाठी. मुलाने नवी गाडी घ्यायला त्यात हात घालू नये. ओळखते मी त्याला.

कलम तिसरे : शिलाई मशीन. सुनेला विचारलं, तर म्हणाली, "आई, मला सुई धरायचाच कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू?" असं तोंडावर सांगणारी सून मिळाली, नशीब माझं. मशीन दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला द्यावं. कात्रीही तिलाच. फक्त तिने त्या कात्रीने कागद कापू नये.

कलम चौथे : धाकटे भावजी. मी गाडीच्या खिडक्यांचं रबर बदलायला घेतलं तेव्हा हे चारचौघांत म्हणाले, "काय वहिनी, आता गाडीलाही टाके घालणार वाटतं?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. त्यांना मी काढलेलं जुनं, लाकडासारखं कडक झालेलं रबर भेंडोळं करून द्यावं. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं; माझ्या मनात आलेलं इथे लिहिण्यासारखं नाही. सोबत ह्यांचा, म्हणजे चिमणीच्या आजोबांचा, लोकरीचा कोटही द्यावा. भावजींना थंडी सोसत नाही.

कलम पाचवे : गाडी. ह्यांनी हौसेने घेतलेली, जुनी, आता माझ्या नावावर असलेली गाडी मी सुनेला देते. मुलाने वाईट वाटून घेऊ नये, पण कारण लिहिणं भाग आहे.

मागच्या डाव्या खिडकीतून पाणी आत यायचं. चिमणीची जागा तीच. मी म्हटलं, रबर वाळलंय, बदलू. बाकीच्या खिडक्यांचं झालं, पण मध्येच माझं दुखणं निघालं आणि हीच राहिली. मुलाने माझा भार हलका करायचा म्हणून दुकानातून चिकट सिलिकॉन आणलं, खिडकीभोवती फासलं आणि मला बोलावलं.

"आई, बघ. दाराच्या खालची भोकंसुद्धा बुजवून टाकली. आता कुठून येईल पाणी?"

"अरे शहाण्या, ती यायची नव्हेत, जायची भोकं आहेत!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

काच खाली-वर होते, तिथून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच. ते तळाच्या भोकांतून निघून जातं. वाट बंद केली की आतच साचतं. त्याने "रविवारी खरवडतो" म्हटलं. रविवार येत गेले, जात गेले. कुलपाचा खटका गंजला, आणि गेल्या महिन्यात शाळेपाशी ते दार आतूनही उघडेना, बाहेरूनही उघडेना. सुनेने दुसऱ्या बाजूने चिमणीला ओढून काढलं. पोरगी खिदळत होती, तिला तो खेळ वाटला. सुनेने घरी येऊन सांगितलं आणि माझ्या हातातला पेला खाली पडला. त्या दिवसापासून डोळा लागला की मला ते दार दिसतं. पलीकडचंही अडकलं असतं तर? आत धूर झाला असता तर? मला उद्याच्या ऑपरेशनची जेवढी धास्ती नाही, तेवढी त्या दाराची आहे. मी परत आले नाही, तर कोण बघणार?

म्हणून आज सकाळी मुलाला कामावर जाऊ दिलं नाही. मी खुर्चीवर, तो गुडघ्यांवर. सिलिकॉन खरवडलं, विणायच्या सुईने भोकं मोकळी केली, तर गढूळ पाणी भसाभसा बाहेर आलं. त्याचा चेहरा उतरला. खटका साफ करून तेल दिलं. मग नवं रबर साबणाच्या पाण्यात बुडवून बसवायला घेतलं, तर हा ओढायला लागला.

"ओढू नकोस. ढकल."

"ओढल्याशिवाय पुरत नाही गं."

"पुरत नाही म्हणूनच ओढू नकोस! आज ताणून बसवशील, उद्या ते आखडेल, आणि कोपऱ्यात फट पडेल. जरा लांब काप आणि कोपऱ्यापासून आत दाबत ये."

दोनदा काढायला लावलं. तिसऱ्यांदा त्याने न सांगता कोपऱ्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे मला पाठ टेकता आली.

अट एवढीच : भोकं वरचेवर सुईने तपासावीत. सुई गाडीच्या खणात ठेवली आहे, ती विणायला कोणी नेऊ नये. ऋतू कोणताही असो, मुलाने सुनेला "रविवारी" हा शब्द ऐकवू नये.

हा शेवटचा मजकूर मी गाडीत बसून लिहिते आहे, मागच्या सीटवर, त्याच खिडकीला टेकून. चिमणी माझ्या मांडीवर, शेजारी समोरच्या घरातल्या नर्सबाई, पुढच्या सीटवर घड्याळवाले शेजारी. बाहेर मुलगा नळाची नळी धरून उभा आहे आणि सून त्याला जागा दाखवते आहे. कागद मी मुद्दाम काचेला लावून धरला आहे. शाई फुटलेली दिसली, तर हे मृत्युपत्र खरं आणि काम खोटं समजावं.

"आई, आलं का आत?"

"घाई करू नकोस. वरच्या कोपऱ्यावर धर."

"आजी, आधी सही करा," नर्सबाई म्हणतात, "नाहीतर तुमचं बीपी मलाच मोजावं लागेल."

करते. काळजी संपलेली नाही, तिला माझी सवय झालीय. पण आता ती नुसती माझ्याकडे नाही.

ठिकाण : गाडीची मागची सीट, घरासमोर.
दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळी.
सही : चिमणीची आजी

साक्षीदार : मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्यादेखत, पूर्ण शुद्धीत सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. त्या वेळी काचेवर पाणी चालू होतं. कागद कोरडा आहे. त्यानंतर मागचं डावं दार, बाहेरून कोणीही हात न लावता, आतून उघडलं. उघडणारी, चिमणी.

१. सही : घड्याळवाले शेजारी
२. सही : समोरच्या नर्सबाई