गुळगुळीत केलेलं आकाश

तीर्थरूप बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. डोकं मात्र सटकलंय.

इथे ध्रुवाजवळ रात्रीच्या आकाशात हिरव्या उजेडाचे डाग दर काही सेकंदांनी लुकलुकतात. खूप वर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात लहरी उठतात. रिसीव्हरवर त्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात. लहर उठली की इलेक्ट्रॉन हवेवर कोसळतात आणि डाग उजळतो. लहर थांबली की विझतो. हा मेळ पकडायला मी तीन महिने कॅमेऱ्यापाशी काढले.

आणि आमच्या साहेबांना ती लुकलुक कॅमेऱ्याचा बिघाड वाटली! मला न विचारता त्यांनी उजेड-अंधाराची सरासरी काढून सगळं चित्रण गुळगुळीत केलं आणि जागा अडते म्हणून मूळ प्रती पुसून टाकल्या. आता नुसता हिरवा लगदा दिसतो, शेवाळलेल्या डबक्यासारखा. वर म्हणतात, "बघ, किती छान दिसतंय!" शिसारी आली मला. त्यांनी पुढे केलेला चहा तसाच ठेवून उठले.

तुम्ही रेडिओ दुरुस्त करताना आधी कान लावायचात, मगच हत्यार उचलायचात. इथे एवढ्या पदव्या घेऊनही तेवढी अक्कल नाही.

आवाजाचं रेकॉर्डिंग तेवढं वाचलं, कारण ते साहेबांनी कधी उघडलंच नव्हतं. धाकट्याच्या फोनवर पाठवलंय. ऐका, पण कानाचं मशीन लावून. ते खरखरतं म्हणून तुम्ही कपाटात टाकलंत, असं आई म्हणाली. खरंय का?

बाबा, खरखर नको म्हणून आवाजच घालवणारा एक माणूस मला इथे पुरे आहे.

तुमची,
थोरली