गप्प बसायचा पेपर

ता. ३ जून

चि. ढब्बूस,
अ. आ. वि. वि.

तुझी पंचेचाळिशीतली बहीण पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे. इतकी वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, आता त्याच तांत्रिक लेखनात एम.ए. करायला निघाले आहे. हसून घे एकदाचं. कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यायचे, याचा आराखडा महिनाअखेर सरांना द्यायचा आहे. तो मंजूर झाला की बदलता येत नाही. तीन आराखडे आणि विषयांचं पत्रक सोबत पाठवते. सायकली दुरुस्त करून हात रिकामे झाले की नजर टाक. मला दुसरा बरा वाटतो, त्यात शुक्रवार मोकळा राहतो.

बाबांना सांग, रक्तदाब रोज मोजा. यंत्राची पुस्तिका त्यांच्या लेकीनेच लिहिली आहे, सबब चालणार नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आराखडे पाहिले. चार रंगांच्या शाया! लहानपणीही वेळापत्रक रंगवण्यातच तुझी सुट्टी संपायची. पण पत्रकातला ‘वाचक-चाचणी’ हा विषय तिन्हींतून गायब आहे. आपली पुस्तिका वाचकाच्या हातात द्यायची आणि तो अडला तरी शेजारी गप्प बसून नुसतं बघायचं. तू आणि गप्प! आधी खूप हसलो. मग वाटलं, ताई घाबरली आहे.

म्हणून ‘ताईला सांगू नकोस’ ही बाबांची तंबी मोडून सांगतो. बाबांचं यंत्र खोक्यातच पडून आहे. पुस्तिका वाचून पट्टा बांधायला बसले आणि तिसऱ्या पानावर अडकले. मी बांधून देतो म्हटलं, तर तिचं लिहिलेलं मला कळलंच पाहिजे म्हणून हटून बसले. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन मोजून घेत होते, आणि फोनवर तुला सांगत होते की फार सोपं लिहिलं आहेस. आता गुडघ्यामुळे तेही जाणं बंद झालं आहे. मला काळजी वाटते.

ओरड हवी तेवढी, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा ढब्बू

ता. १४ जून

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

आधी तुझा राग आला, मग बाबांचा. मग तिसरं पान काढून वाचलं. पट्टा ‘योग्य तितका’ आवळा, असं लिहून ठेवलं आहे मी! योग्य म्हणजे किती, ते बाबांनी कुणाला विचारायचं? घाबरलेच होते रे. माझं लिहिलेलं कुणाला कळतच नसेल तर, ही भीती होती.

चौथा आराखडा दिला, एकाच शाईत. वाचक-चाचणी पहिल्याच सत्रात घेतली, शुक्रवार गेला. पहिला वाचक तुमचा तुम्ही शोधा, असं सर म्हणाले. नवं तिसरं पान घेऊन रविवारी येते. तोवर पट्टा तू बांध. ते हटून बसलेच, तर माझी आज्ञा आहे म्हणावं.

आहेस तसाच आगाऊ राहा.
तुझी ताई

ता. १८ जून

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

ढब्बूच्या पोटात काही राहत नाही. त्याच्याशी अबोला धरला आहे, जेवणापुरता सोडतो. तुझं लिहिलेलं कळलं नाही हे सांगायला माझी जीभ रेटली नाही, एवढंच.

चाचणी देईन. मी कितीही चुकलो तरी तू बोलायचं नाही, असा नियम आहे म्हणे. मग सकाळीच ये. तुला गप्प बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आकडा थोडा जास्त आला, तर पान पुन्हा लिहायला घेऊ नकोस. तू येणार म्हणून वाढलेला असेल.

तुझे बाबा