पाखरांच्या ओळखीचा स्वेटर

ट्रोन्हाईम,
८ फेब्रुवारी २००९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तपकिरी चीजचा गोळा, दोन्ही सुखरूप पोचलं. चीज इथेही मिळतं, पण त्याला आपल्या स्वयंपाकघराचा वास नसतो. पातळ काप करून पुरवून खातो आहे.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो. डिसेंबरमध्ये दिलेला रसायनशास्त्राचा पेपर गेला. प्राणिशास्त्रात बरे गुण आहेत, पण जीवशास्त्राची पदवी हवी तर रसायन काही चुकत नाही. ज्या वयात बाकीची मुलं हे शाळेत शिकली, त्या वयात मी बाबांच्या होडीवर जाळी ओढत होतो. पंचविशी उलटलेल्या, काम केलेल्या माणसाला इथे शाळेच्या दाखल्यावाचून घेतात हे खरं. पण घेतल्यावर पेपर सगळ्यांना एकच. फेरपरीक्षा जूनच्या सुरुवातीला आहे. वर्गातली पोरं मला आजोबा म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात. प्रयोगशाळेत माझ्या बाकावर सुन्निवा नावाची मुलगी असते. ती म्हणाली की आजोबांची वही छापायला द्यावी इतकी स्वच्छ आहे, फक्त आतली उत्तरं दुसऱ्या कुणाची तरी घालावीत.

परवा पक्ष्यांवरच्या तासाला आपली ईडर बदकं पडद्यावर आली. शास्त्रीय नाव सोमातेरिया मोलिस्सिमा, म्हणजे अतिशय मऊ लोकरीच्या अंगाची. स्पेलिंग मी पुन्हा पुन्हा तपासलं. चित्र आलं तसं गेलं आणि गरुड आला. मला उठून सांगावंसं वाटलं की जरा थांबा, या आमच्या बाया आहेत, आमच्याकडे दर वसंतात येतात, आम्ही त्यांना दगडाची घरं बांधून देतो, त्यात वाळलेल्या शेवाळाची गादी घालतो, आणि त्या जाताना घरट्यात आपली मऊ पिसं ठेवून जातात. वहीत चित्राच्या जागी रिकामा चौकोन राहिला आहे.

परीक्षेची तयारी आणि बायांची अंडी, दोन्ही मेमध्येच. तुझी कंबर अशी धरलेली असताना बाहेरच्या खडकावरची घरं कोण राखणार, या विचाराने अभ्यासात लक्ष लागत नाही. येताना माझा करडा स्वेटर उचलून आणला. त्याला अजून शेवाळाचा वास येतो. झोपताना उशाशी घेतो, हे कुणाला सांगू नकोस.

लोभाला भरती आली नाही तरी चालेल, ओहोटी नसावी.

तुझा
तारयेई


स्येलवार बेट,
२० फेब्रुवारी

चि. तारयेई यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एक खाडाखोड नाही, म्हणजे तू चांगलाच घाबरला आहेस. लहानपणीही ताप चढला की तुझं अक्षर सुधारायचं. अरे, पेपर गेला तर गेला. तू बांधलेली पहिली दोन बदकघरं कोसळली होती. तिसऱ्यात पाद्रीणबाई येऊन बसल्या आणि अजून दरवर्षी तिथेच बसतात. खडकावरच्या पालथ्या होडीशेजारच्या त्या घराकडे ती म्हातारी बदकीण कशी मिरवत चालत जाते, जशी काही चर्चमध्ये पहिल्या बाकाकडे निघाली आहे. तिला यंदा मोलिस्सिमा म्हणून हाक मारून बघते. रागावली नाही म्हणजे मिळवली.

पण स्वेटर नेलास हा कसला शहाणपणा? बाया माणसाचं तोंड बघत नाहीत. कपडा बघतात, चाल बघतात. मी इतकी वर्षं तोच हिरवा कोट आणि तोच रुमाल वापरते, ते काय मला दुसरं शिवता येत नाही म्हणून? घराजवळच्या बाया मला ओळखतात. बाहेरच्या खडकावरच्या त्या करड्या स्वेटरला ओळखतात. तिथे भलत्याच रंगाचा माणूस दिसला तर घिरट्या घालतील आणि पलीकडच्या बेटावर निघून जातील, जिथे पाणमांजरं आहेत आणि राखण नाही. माझ्या आईच्या वेळी एक खडक असाच रिकामा झाला. तो अजून रिकामाच आहे.

शेजारचा ओदवार राखणीला तयार झाला आहे. जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनापाशी राहिलेला माणूस, त्याची कुजबुज मुख्य भूमीवर ऐकू जाते. पण जिवाला जीव देणारा आहे. त्याला स्वेटर पाठव. तू येऊ नकोस. एप्रिल लागला की बाया दचकू नयेत म्हणून मी नेहमीप्रमाणे फोनची तार काढून ठेवीन, तेव्हा पत्रच लिही. पत्राची घंटी वाजत नाही.

आहेस तसा आमचाच राहा.

तुझी
बोर्गहिल्ड आत्या


ट्रोन्हाईम,
८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतचं पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाच आणि खुर्चीवर बसून वाच.

ओदवारकाकांना मळका स्वेटर कसा द्यावा, म्हणून तो धुऊन पाठवायचं ठरवलं. साबणाच्या डब्यावरच्या सूचना सगळ्या वाचल्या. लोकरीचा कार्यक्रम लावला, पाणी गार ठेवलं. फक्त यंत्राच्या पोटात आधीच्या कुणाचा तरी लाल मोजा चिकटून राहिला होता, तो मी बघितला नाही. सगळं बघितलं, तेवढं बघितलं नाही. स्वेटर आता उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा झाला आहे. सुन्निवाला दाखवला तर ती आधी हसली. मग तो कशासाठी होता हे मी सांगितलं. तिने विचारलं की पाखरं खरंच ओळखतात का. मी हो म्हटलं. कशावरून, ते नंतर पुस्तकांत बघायला गेलो. ग्रंथालयात शोधलं, पण स्वेटरबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.

आत्या, मी परत येतो. एप्रिलमध्ये येऊन तिथेच खडकावर राहतो, म्हणजे निदान चाल तरी त्यांच्या ओळखीची असेल. पेपर पुढच्या वर्षीही असेल, बाया पुढच्या वर्षी नसल्या तर? रसायनात मी पुन्हा नापास होईन असं मला वाटतं. मग इकडचंही गेलं आणि तिकडचंही, असं व्हायला नको. तू फक्त ये म्हण.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
तारयेई


स्येलवार,
२१ मार्च

चि. तारयेई यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल ओदवारच्या समोरच उघडलं. तो इतका हसला की बायकोने त्याच्या पाठीत थापा मारल्या. म्हणाला, हा घालून गेलो तर बाया नाही पळणार, कोळंबी समजून खायला येतील. अरे, पाखरांचा स्वेटर कुणी धुतं का? आजवर या बेटावर असला प्रकार कुणी केला नव्हता. तेवढं शिकायला तुला विद्यापीठात जावं लागलं.

आता ऐक. बर्च झाडाची साल आणि मूठभर गंजके खिळे मोठ्या पातेल्यात उकळले आणि स्वेटर त्यात बुडवला. सगळ्या घरात घोड्याच्या तबेल्यासारखा वास सुटला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला तो ओल्या खडकाच्या रंगाचा. तुझा करडा नाही, पण धुक्यात चालून जाईल. ओदवारच्या पोटावर जरा ताणतो. तो सध्या गप्प राहायचा सराव करतो आहे. परवा अख्खी दुपार बोलला नाही. बायको म्हणते, हे सुख लग्नाच्या वर्षी मिळालं असतं तर तिचे केस अजून काळे असते.

तू आलास तर मी दार उघडणार नाही. हे थट्टेने लिहीत नाही. बाया येतील की नाही ते त्यांचं त्या ठरवतील, तुझ्या येण्याने त्यांच्यावर उपकार होणार नाहीत. बाकीच्या पोरांना नाही असं वेड तुला आहे. दहा वर्षांचा होतास तेव्हा रिकाम्या घरट्यातली फुटलेली कवचं खिशात घालून आणायचास आणि विचारायचास की पिल्लाला आत श्वास कसा घेता येतो. मला सांगता येत नव्हतं. जो सांगू शकेल त्याच्याकडे मी तुला पाठवलं आहे. ते शिकल्याशिवाय परत कसा येतोस?

पोटभर जेव आणि आम्हाला विसरू नकोस, पण रोज आठवूही नकोस.

तुझी
आत्या


ट्रोन्हाईम,
२६ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून राहिलो. सुन्निवा रोज दुपारी माझ्याकडून रसायन घोटून घेते. बदल्यात मी तिच्याकडून हाडांची नावं पाठ करून घेतो. ती म्हणते, आजोबा, तुम्हाला समजतं सगळं, तुम्ही फक्त चुकायच्या भीतीने उत्तर लिहीत नाही.

काल बंदरावर गेलो होतो. ईडरांचा थवा पाण्यावर होता. नर तसेच ऐटीत, काळे-पांढरे. बायांचा तो खालच्या सुरातला आवाज ऐकला आणि काठाकडे वळलो. जवळ गेलो तर सगळ्या हळूहळू दूर सरकल्या. माझ्या अंगात इथे घेतलेलं निळं जाकीट होतं. त्यांचं चुकलं नाही. तरी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

त्या आल्या का? खडकावर चढल्या का? पाद्रीणबाई दिसल्या का? फोन एकदाच जोडशील का, असं विचारणार होतो, पण विचारत नाही. आल्या असल्या तर एका ओळीत लिही. आल्या नसल्या तरी लिही.

पत्राला उशीर झाला तरी मनात उशीर नसावा.

तुझा
तारयेई


स्येलवार,
१९ मे

चि. तारयेई यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आल्या.

लवकर लिहिलं नाही, कारण खात्री नव्हती. आधी नुसत्या पाण्यावर तरंगत खडकाकडे बघत राहिल्या. ओदवार स्वेटर घालून डुलत डुलत जायचा, घरांजवळ बसायचा आणि यायचा. एक शब्द नाही. मला वाटलं, गेलं सगळं. मग एका सकाळी पाद्रीणबाई पाण्यातून वर आल्या. ओदवारकडे मान वाकडी करून बघितलं, त्याच्या भोवतीने एक फेरी मारली आणि आपल्या घरात शिरल्या. त्यांच्या मागून बाकीच्या. ओदवार घरी आला तो डोळे पुसत, आणि बायकोला खुणेनेच सांगत होता. आता त्याला बोल म्हटलं तरी बोलवत नाही. नवरेमंडळी नेहमीप्रमाणे अंडी होईपर्यंत हजर होती, आता पसार झाली आहेत.

एकच वाईट झालं. टपालाच्या बोटीवर नवा माणूस आहे. तो पिवळा रेनकोट घालून बदकघरांपर्यंत चालत आला. चार बाया उडाल्या, कावळ्यांनी दोन घरांतली अंडी पळवली. पोराला ठाऊक नव्हतं, काय बोलणार. पाद्रीणबाई मात्र हलल्या नाहीत.

परवा सतरा मेला, राष्ट्रीय दिनाला, सगळा देश वाजतगाजत रस्त्यावर आला असेल. आम्ही इथे तिघांनी कुजबुजत केक खाल्ला. तुझ्या वाटणीचा तुकडा ओदवारने तुझ्या नावाने खाल्ला.

पेपर झाला की निघ. ओदवार धक्क्यावर स्वेटर घेऊन उभा राहील, तो अंगात घाल आणि सरळ खडकावर जा. तुझं मन मला ठाऊक आहे. वॅफलचं पीठ कालवून ठेवते.

वाट बघणारी
आत्या


ट्रोन्हाईम,
५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल पेपर झाला. निकाल यायचा आहे, पण या वेळी एकही प्रश्न कोरा सोडला नाही. दोन ठिकाणी खाडाखोडही झाली, तुला बरं वाटेल. पुढच्या वर्षाच्या विषयांसाठी नाव देऊन आलो. त्यात अंड्यांवर एक भाग आहे. कवचाला बारीक छिद्रं असतात, पिल्लू त्यांतूनच श्वास घेतं. बाकी आल्यावर सांगतो.

पुढच्या आठवड्यातल्या नाही, त्यानंतरच्या सोमवारच्या बोटीने निघतो. स्वेटर मात्र ओदवारकाकांकडेच राहू दे. कपडा तोच असला तरी चाल माझी आहे, आणि बायांनी यंदा त्यांची डुलती चाल पाठ केली आहे. पिल्लं बाहेर पडायच्या ऐन वेळी मी त्या स्वेटरात शिरलो तर पिवळ्या रेनकोटवाल्यात आणि माझ्यात फरक काय? मी मागच्या धक्क्यावर उतरून स्वयंपाकघरातून आत येईन. शेवटची बाई पिल्लं घेऊन समुद्रात उतरेपर्यंत माळ्यावरच्या खोलीत राहीन. तिथून पालथी होडी दिसते. नंतर घरांतली मऊ पिसं गोळा करायला मी आहेच. तेव्हा तिथे मला न ओळखणारं कुणी उरलेलं नसेल.

ओदवारकाकांना नमस्कार, मोठ्याने नको.

दुरून असो की जवळून, तुझ्या मायेची सावली असू दे.

तुझा
तारयेई

ता. क. माळ्याच्या खिडकीचा पडदा हे पत्र मिळताच हातभर सरकवून ठेव. मी येईपर्यंत त्यांना सवय होईल.