खेकड्याच्या पोटाखालचा दिवा

ता. ४ मार्च

ती. दादास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी तुरुंगात नाही. फोन धुण्याच्या बादलीत पडला, दुसरा घेईपर्यंत हेच. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी तीन मिळाले होते, ते लक्षात ठेवून वाच.

काम बरं आहे. काचेच्या बरण्या कागदात गुंडाळून खोक्यात बसवायच्या, दिवसाला चारशे. शेजारच्या टेबलावरची बाई प्रत्येक बरणीला एक शिवी देऊन गुंडाळते, तिची आजवर एकही फुटली नाही. मीही सुरू केलंय. खोलीत आम्ही सहाजणी, खिडकी एक, आणि तिच्यातून समोरच्या शेडची भिंत दिसते. भिंतीवर कुणीतरी घोडा काढलाय, पण पाय तीनच... हे काय सांगत बसले मी!

मुद्दा आपल्या गॅरेजचा. कॉम्प्युटर तुझ्याकडे, पासवर्ड तुझ्याकडे, म्हणजे माझा जीवच तुझ्याकडे. गेममधलं का असेना, चार वर्षं मी एका जागी टिकले ती त्या गॅरेजात. बाहेरच्या जगातली माझी सगळ्यात जास्त टिकलेली नोकरी सात महिन्यांची. म्हणून तीन गोष्टी सांगते. खेकडा म्हणजे माझी सगळ्यात लाडकी गाडी, ती विकताना गिऱ्हाइकाला आधी टेकडीभोवती एक फेरी मारू दे, मगच किंमत सांग. वाळवंटातून पायी आला असेल त्याला पाव किंमत कमी. तू नाक मुरडशील, खुशाल मुरड. आणि खेकडे कितीही विक, पण त्याचा आराखडा माझ्या गेममधल्या वहीतून कुणालाही द्यायचा नाही. तो एकदा दिला की आपलं पान कोरं होतं आणि पुढच्या गाड्यांवर घेणाऱ्याचं नाव उमटतं. हे तुला मीच शिकवलंय, तरी पुन्हा सांगते.

चौथी गोष्ट, पोटाखालचा दिवा काढू नकोस. पहिल्या दिवशी माझ्याकडून चुकून खाली तोंड करून बसला हे खरं, पण आता त्याच्याशिवाय तो मला खेकडा वाटतच नाही.

वहिनीला नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

&nbsp;

ता. २१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दहापैकी तीन देणाऱ्या बाई उदार होत्या. तुझ्या वहिनीने पत्र दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि दोन्ही वेळा घोड्याच्या पायांशी हसली. बरण्यांना शिव्या देताना आवाज बेताचा ठेव, कामावरून काढलं तर पुन्हा माझ्या सोफ्यावर येशील.

मी ठीक. लॅबमध्ये कवळ्यांची ऑर्डर वाढली आहे. काल एका कवळीचे पुढचे दोन दात इतके सुरेख उतरले की खोक्यात घालवेना. पण पेशंट डॉक्टरांचे आभार मानेल, तो दात बनवणाऱ्याला कुठे ओळखतो!

गॅरेज छान चाललंय, काळजी करू नकोस. गर्दी थोडी कमी असते, दिवस तसे आहेत. एक विचारायचं होतं. खेकड्याचा मागचा ॲक्सल तू उलटा का बसवलास? गिऱ्हाइकं विचारतात आणि मी नुसती मान हलवतो. नीट, पायरीपायरीने लिही, म्हणजे मला पुढे सांगता येईल.

स्वेटर घाल. आठवण ठेवत जा, आम्ही ठेवतोच.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. ९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ॲक्सलवर अडीच पानं लिहिली, आकृतीसकट. ती पानं या पाकिटात नाहीत.

झालं असं. आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारी एक बाई आहे, हडकुळी, बूट चार नंबर मोठे. मोठे का, तर आतून कागद भरते, थंडी लागत नाही म्हणते. असो. रविवारी दुपारी ती खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती, बघते तर आपलाच गेम. मला म्हणाली की बघ, काय गाडी आणलीय, ढेकळासारखी स्वस्त मिळाली. तो खेकडा होता. मला आधी आनंदच झाला, दादा. वाटलं, तू विकलास. एवढ्या लांब माझी गाडी पोचली म्हणून मी तिच्या पाठीवर थापसुद्धा मारली. मग नावाची पट्टी पाहिली. त्यावर गेममधल्या त्या लोखंडी टोळीचं नाव, आणि खाली ‘उस्ताद’ म्हणून कुणी तरी.

मी स्वतःला म्हटलं की कुणीतरी बघून नक्कल केली असेल. तिला गाडी उलथवायला लावली. पोटाखाली दिवा होता, तोंड खाली करून. नक्कल करणारा असली चूक कशाला उचलेल? ती फक्त माझ्या वहीत आहे.

तिच्याच लॅपटॉपवर मी गॅरेज उघडलं. पासवर्ड तू बदललाही नव्हतास. एवढाही संशय नव्हता का रे तुला माझा? शेड रिकामी, एक चाकसुद्धा नाही, आणि वहीतलं पान कोरं. तारीख अकरा मार्च. म्हणजे माझं पत्र तुझ्या हाती पडून चार दिवस झाले असतील. आणि एकवीस तारखेला तू मला लिहितोस की छान चाललंय, स्वेटर घाल.

मला एवढंच सांग, हे दुसऱ्या कुणी केलं. पासवर्ड चोरीला गेला म्हण, वहिनीच्या भाच्याने केलं म्हण, मी मानेन. ताबडतोब मानेन.

वाट बघते.

भिंगरी

&nbsp;

ता. २४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भाच्यावर घालणार नाही. मी दिला.

विकला नाही, एक नाणंही घेतलं नाही. यात माझी बाजू सावरत नाही, पैशासाठी केलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. टोळीचा म्होरक्या गॅरेजात आला, फेरी मारली, खाली उतरून म्हणाला की हे बनवणाऱ्याच्या हातात जादू आहे. बनवणारी माझी बहीण आहे, ती बाहेरगावी गेलीय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. नंतर त्याने विचारलं, आमच्यात येतोस का, स्वतःच्या नावाने, आराखडा आणि शेडमधलं सगळं सामान घेऊन. आता चाळीस माणसं मला उस्ताद म्हणतात. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बसणारे दात बनवतोय मी, भिंगरी. तू सात महिन्यांत नोकरी सोडतेस, शहर सोडतेस, आणि गॅरेजच्या पाटीवर नाव मात्र तुझं. उघडून बसायचो मी. गिऱ्हाइकांशी घासाघीस करायचो मी.

तुझी वहिनी तीन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. ताट पुढे ठेवते आणि निघून जाते.

माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो.

आणखी एक. गेममधली वाळू त्यांनी बदललीय, आता भुसभुशीत झाली आहे. सगळे खेकडे चढावर मागे कलंडतात. टोळीवाले माझ्याकडे बघतात आणि मला काही सुचत नाही. मेच्या मध्यावर त्यांची मोठी शर्यत आहे. तुझ्या डोक्यात काहीतरी असेलच. चार ओळी पाठवल्यास तर उपकार होतील. शेवटी खेकडा आपल्या दोघांचाच.

रागातही विसरू नकोस.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. २ मे

दादा,

तुझं पत्र माफीपर्यंत वाचलं आणि मी रडले. जेवणाच्या सुट्टीत, बरण्यांच्या खोक्यावर बसून, सगळ्यांदेखत. खरंच सांगते, तिथे पत्र संपलं असतं तर मी तुला माफ केलं असतं. गॅरेज मोडून टोळीत जा, उस्ताद हो, असंही लिहिलं असतं. माझं नाव नेहमीच पाटीवर राहिलं आणि तुझं राहिलं नाही, हे मला कधी दिसलंच नव्हतं. ती माझी चूक, ती मी घेते.

मग मी पान उलटलं.

चाळीस जणांना तू सांगितलंस की हे माझं आहे, आणि मला लिहितोस की दोघांचं आहे. नडलं तेव्हा दोघांचं.

वाळूवरचा उपाय मला पहिल्याच दिवशी सापडला. अवघड नाही. इंजिन दोन खाचा पुढे घ्यायचं, मागची चाकं मोठी करायची आणि चढावर वेग अर्धा ठेवायचा. तू वहीचं पान कोरं केलंस, माझं डोकं नाही. फोर्कलिफ्टवालीने करून बघितलं, तिचा खेकडा टेकडी चढून पलीकडे गेला आणि ती बूट काढून खोलीभर नाचली.

मी तिला सगळं लॅपटॉपवर लिहायला लावलं, पहिल्या स्क्रूपासून, उलट्या ॲक्सलसकट. खाली माझं नाव, पहिला खेकडा बनवला ती चार वर्षांपूर्वीची तारीख आणि गॅरेजचे जुने फोटो. आणि गेमच्या उघड्या फळ्यावर लावून टाकलं. आता ज्याला हवा त्याने बनवावा, कुणाला विचारायला नको. खेकडा आता माझाही राहिला नाही. लावायच्या आधी तीनदा पुसून टाकलं, खोटं कशाला सांगू!

टोळीतले तिथे वाचतीलच, आणि मग तुला काय विचारतील ते मला ठाऊक नाही. तुला वेगळ्या चार ओळी पाठवत नाही. सगळ्यांसाठी लिहिलंय, दादा. त्यात तूही आलास.

वहिनीला नमस्कार, तिला म्हणावं बोलणं सुरू कर, नुसतं ताट ठेवून जाऊ नको. पुढच्या महिन्यात इथलं काम संपतं. कुठे जाईन ते ठरलं नाही. तुझ्याकडे येणार नाही, एवढं ठरलंय.

भिंगरी